आईला ऐकू येईल असं पान

धाकट्याचा निबंध आईला ऐकायचा होता आणि तो वाचून दाखवणं थोरलीला जमत नव्हतं. तिने दोनदा बसून बघितलं होतं. दोन्ही वेळा पहिल्याच पानावर, त्याच्या नावापाशी, ती अडली. दुसऱ्यांदा आईनेच हात वर करून तिला थांबवलं. "राहू दे. तू रडशील, मग मी रडेन, आणि जिन्यांचं काय ते राहूनच जाईल."

निबंध जिन्यांवर होता. 'राहत्या इमारतींमधले जिने: एक पाहणी.' धाकटा आर्किटेक्चर शिकायचा, होस्टेलवर राहायचा आणि शनिवार-रविवारी घरी यायचा. खिशात कायम मोजायची टेप. जेवायला बसला तरी टेबलाची उंची मोजून मग घास उचलायचा, म्हणून घरात त्याचं नाव टेपमास्तर. निबंध कॉलेजात दिला आणि त्याच महिन्यात, होस्टेलच्या वाटेवर, एका ट्रकखाली तो गेला. लॅपटॉप त्याच्या पाठीवरच होता, त्याचाही चुरा झाला. कॉलेजने पुढे शिक्के मारलेल्या पानांचे फोटो काढून एक फाइल पाठवली. मागे राहिलं ते एवढंच.

आईची नजर त्याच्या आधीच गेली होती. एका दिवसात नाही. कडांकडून आत, हळूहळू. डॉक्टरकडे थोरली घेऊन जायची. धाकट्याला मात्र सांगायचं नाही, असं आईने तिला बजावलं होतं. या परीक्षेचं होऊ दे, मग सांगू. मग पुढची परीक्षा. झाकली मूठ सव्वा लाखाची, तशी आईने ती मूठ झाकून ठेवली. तो घरी आला की ही पाठ झालेल्या घरात झपझप फिरायची, सकाळी पेपर डोळ्यांसमोर धरून बसायची, मधूनच पान उलटायची. एकदा पेपर उलटा होता. थोरलीने जाता जाता तो सरळ करून ठेवला.

तो गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच वाक्य सांगायची. "एक बरं केलं मी, त्याला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. लेकरू बिनघोर गेलं." एवढ्या मोठ्या दुःखात तिने स्वतःपुरती शोधलेली ती एकच उबेची जागा होती. थोरली प्रत्येक वेळी मान हलवायची आणि आईला मान दिसत नाही हे आठवून "हो ना" म्हणायची.

आईच्या फोनवर अक्षरं वाचून दाखवणारा आवाज होता. बाईचा, कोरडा, सगळं एका सुरात म्हणणारा. आई तिला वाचनबाई म्हणायची. पण कॉलेजच्या फाइलमध्ये अक्षरं नव्हतीच, अक्षरांचे फोटो होते. वाचनबाई प्रत्येक पानाला फक्त "चित्र" म्हणायची आणि गप्प व्हायची.

आईला फोन शिकवायला एक मास्तरीणबाई यायच्या. त्या स्वतः जन्मापासून आंधळ्या, आणि जिभेने तिखट. त्यांनी थोरलीला सांगितलं, "सगळं पुन्हा टाइप करा आणि एक साधं वेब पेज बनवा. हेडिंगला हेडिंग, परिच्छेदाला परिच्छेद. आणि हे बघा, नटवू नका."

नटवू नका हे थोरलीला सांगणं म्हणजे मांजराला दूध पिऊ नको म्हणण्यासारखं. ती एका मासिकाची पानं लावायची. भावाचं पान आपण उघडंबोडकं ठेवायचं? तिने दोन स्तंभ केले, समासात रंगीत चौकटी टाकल्या, मापांचा तक्ता मध्ये तिरपा बसवला. पान असं देखणं झालं की ऑफिसात दोघींनी मान डोलावली. घरी वाचनबाई ते वाचू लागली. डोळा बघतो त्या क्रमाने ती वाचत नाही. चौकटी ज्या क्रमाने केल्या त्या क्रमाने वाचते. थोरलीने रोजच्या सवयीने चौकटी आधी केल्या होत्या, मजकूर नंतर ओतला होता.

"पायरीची रुंदी आणि मोरीच्या नळाखाली कठडा एकशे साठ उजेड अपुरा," वाचनबाई म्हणाली.

"काय गं हे?" आई म्हणाली. "चढता चढता मोरीत कुठे गेला?"

दोघी हसल्या. तो गेल्यापासून एकत्र अशा पहिल्यांदाच. मग हसू ओसरल्यावर थोरलीला स्वतःची लाज वाटली. आईसाठी म्हणून बनवलेलं पान तिने ऑफिसला दाखवण्यासाठी सजवलं होतं.

दुसऱ्यांदा तिने सगळं साधं ठेवलं. रोज संध्याकाळी जेवणाआधी ती त्याची वाक्यं टाइप करायची. 'पायऱ्या बांधणारा माणूस चढणाऱ्याचा विचार करतो. पडतो मात्र उतरणारा.' 'कठडा शेवटच्या पायरीपाशी संपू नये, हातभर पुढे जावा.' वाचताना फुटणारा आवाज टाइप करताना लागत नव्हता. एकेक शब्द बोटांखालून जायचा, आणि हा मुलगा किती नीट विचार करायचा हे तिला बहीण असूनही आता कळत होतं. हे तो असताना का विचारलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

शेवटी राहिली चित्रं. वेब पेजवर प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन लिहायला एक जागा असते; बघणाऱ्याला ती दिसत नाही, वाचनबाईला दिसते. चित्रांवर मास्तरीणबाईंचा जीव. "सुंदर, छान असलं लिहू नका. जे आहे ते लिहा. नाहीतर आम्ही काय बघितलं?" थोरली लिहीत गेली. झिजलेली पायरी, मध्ये खोलगट. अर्ध्यावर संपलेला कठडा. जाळीतला बंद दिवा.

शेवटचं चित्र त्यांच्याच इमारतीतलं होतं. खालून वर काढलेलं. वरच्या पायरीवर आई उभी, निळा स्वेटर, डावा हात भिंतीला घट्ट टेकलेला. उजवा पाय पुढे काढलेला आणि हवेतच थबकलेला, खालची पायरी चाचपत. चेहरा हसरा, पण नजर फोटो काढणाऱ्याला सोडून भलतीकडेच. आणि या सगळ्यावर धाकट्याने बारीक लाल पेनाने रेघा ओढल्या होत्या. एक बाण पायाकडे: 'पायरी शोधणारा पाय.' एक कडेकडे: 'ही कड तिला दिसत नाही.'

थोरली खुर्चीतून उठली आणि पाणी न पिताच परत येऊन बसली. त्याला माहीत होतं. आईची उबेची जागा त्या लाल रेघांनी पुसली जात होती, आणि ते आईला सांगायचं काम तिच्याकडे आलं होतं. तिने लिहिलं: 'जिना. दुपारचा उजेड.' खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

रविवारी सकाळी आई टेबलाशी बसली. सगळा निबंध तिने ऐकला, मापांसकट, एकदाही न थांबवता. एका ठिकाणी "अगदी बरोबर," असंही म्हणाली. मग वाचनबाई म्हणाली, "चित्र. जिना. दुपारचा उजेड."

आईने बोट मागे नेऊन तेच पुन्हा ऐकलं.

"हा आपला जिना ना?"

"तुला कसं कळलं?"

"दुपारी फोटो काढला तो एकदाच. मला म्हणाला, आई, हलू नकोस, मापासाठी माणूस लागतं. यात मी आहे." आईने फोन खाली ठेवला. "मला का काढून टाकलंस?"

"काढलं नाही. लिहिलं नाही फक्त."

"खोटंच ऐकायचं असेल तर येणारे-जाणारे आहेत की. त्यासाठी पान कशाला हवं? काय आहे त्यात?"

थोरलीने लॅपटॉप ओढला. तिने आधीचं पुसलं आणि नव्याने लिहिलं, सगळं. स्वेटर, भिंतीवरचा हात, हवेतला पाय, हसू, भलतीकडची नजर, दोन्ही बाण आणि त्यांवरचे शब्द. मग पान पुन्हा उघडून फोन आईच्या हातात दिला. वाचनबाईने ते सगळं एका सुरात सांगितलं. 'ही कड तिला दिसत नाही' हेसुद्धा.

आईने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"म्हणजे माहीत होतं त्याला."

"हो."

"आणि बोलला नाही. मी येड्यासारखी पेपर वाचत बसायचे."

"आई, तुला त्रास होईल म्हणूनच मी..."

"थांब जरा." आईचा चेहरा काहीतरी आठवून बदलत गेला. "तरीच. जिना उतरताना हा नेहमी माझ्या पुढे. बरोबर एक पायरी पुढे, आणि तोही आडवा, सगळी वाट अडवून. मी ओरडायचे, अरे, घोडा झालास तरी मोठ्यांच्या पुढे काय घुसतोस, बाजूला हो की! तर म्हणायचा, चल गं, मी पायऱ्या मोजतोय." तिने ओठ घट्ट मिटले आणि मग म्हणाली, "मी पडले असते तर त्याच्या अंगावर पडले असते."

थोरली उठून तिच्याजवळ गेली. आईने तिचा हात धरला आणि लॅपटॉपकडे परत ढकलला.

"अजून एक लिहायचं राहिलंय त्यात."

"काय?"

"फोटो काढणारा खाली उभा आहे. ती पडली तर झेलायला. तेही लिही."

थोरलीने ते लिहिलं. मग दोघी रडल्या, आणि त्या दिवसानंतर आईने कुणालाच, तो बिनघोर गेला, असं सांगितलं नाही.