एकच फेरी

दोन पृष्ठं, म्हणजे गणितातले पृष्ठभाग, एकच की वेगळी, या एका प्रश्नाशी गणिताच्या बाईंनी जन्मभर डोकं फोडलं. दोन्हींचे सगळे आकडे जुळायचे, तरी बाई हट्ट सोडेनात. "आकडे जुळले म्हणून काय माणूस तोच होतो?"

त्यांची रीत अशी. पृष्ठ म्हणजे जमिनीवर एकावर एक पसरलेले कापडाचे थर. काही जागी दोन थर एकमेकांना चिकटतात. अशा जागेभोवती एक फेरी मारली की माणूस निघाल्या ठिकाणीच परततो, पण दुसऱ्या थरावर. आणखी एक मारली की पुन्हा आपल्या थरावर. कुठली फेरी कुठले थर बदलते, त्यावरून पृष्ठाची जात कळते.

बाई कॉलेजच्या गच्चीवर अशा जागेची खडूनं खूण करून स्वतःच गरागरा फिरायच्या. सहकारी म्हणायचे, बाईंना घाण्याला जुंपलंय.

एका दुपारी पहिली फेरी संपते न संपते तोच नवऱ्याचा फोन आला, पोरगी तापानं फणफणलीय. बाई तशाच घरी धावल्या.

घर तेच, नवरा तोच, तुटक्या कानाचा कपही तोच. पोरीनं मात्र त्यांचा हात कपाळावरून झटकला.

"बाबा, ही आई नाहीये."

"तापात बरळतेय," म्हणत नवरा औषध आणायला गेला. बाईंना आठवलं, दुसरी फेरी राहिली होती.

"कशावरून गं?"

"माहीत नाही. सगळं आईसारखंच आहे. मला माझ्या आईकडे ने."

पोरीला कडेवर घेऊन बाईंनी गच्ची गाठली, राहिलेली फेरी पुरी केली आणि घरी आल्या.

अंथरुणात त्यांची स्वतःची पोर होती.

"आई! मघाची आई तू नव्हतीस ना? मला चल म्हणाली, मी नाही गेले. मग रडत निघून गेली."

कडेवरची पोर इकडेतिकडे बघत म्हणाली, "माझी आई कुठंय?"

फेरी मारणाऱ्याचा विचार बाईंनी जन्मभर केला होता, त्याच्या कडेवर कोण आहे याचा कधीच नाही. तिकडे, दुसऱ्या थरावर, हिची आई आता रिकाम्या अंथरुणाशी पोचली असेल. ती काही हातावर हात ठेवून बसणारी नव्हे. आपण निघालो तर तीही निघेल आणि पुन्हा चुकामूक. थांबलो, तर तीही नेमका हाच विचार करून थांबेल.

खांद्यावरचं कपाळ तापतच चाललं होतं.