वीस पूर्णांक आठ

शीला अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होती. दर रविवारी ती शिरगावातल्या सायबर कॅफेत बसायची आणि आठवड्यात वाचलेल्या-पाहिलेल्या गोष्टींबद्दल आपल्या ब्लॉगवर लिहायची. कादंबरीतली नायिका विष घेऊनही पाच पानं बोलत राहिली, तर शीला शांतपणे नोंदवायची की या विषाने आधी जीभच लुळी पडते. लेखकांच्या असल्या चुका तिच्या नजरेतून सुटत नसत.

"अकरा वाचक आहेत मॅडम तुमचे," शिफ्ट इन्चार्ज विक्रांत म्हणायचा, "त्यातले तीन तर तुम्हीच."

त्या रविवारी तिने उल्हासनगरला पाहिलेल्या एका एकांकिकेवर लिहिलं. कामगारांनीच बसवलेली एकांकिका. त्यात एकजण टाकी धुवायला आत उतरतो, गुदमरतो आणि बायकोला हाका मारत, दहा मिनिटं बोलून मरतो. प्रेक्षक डोळे पुसत होते. चार महिन्यांपूर्वी शीलाच्याच कारखान्यात महिपती असा गेला होता आणि नाटक त्याच्यावर आहे, हे सगळ्या एमआयडीसीला माहीत होतं. शीलाने मात्र कुठल्यातरी लांबच्या गावच्या गोष्टीवर लिहावं तसं लिहिलं.

'नायट्रोजन भरलेल्या टाकीत माणूस बोलू शकत नाही. दोन-तीन श्वासांत शुद्ध जाते. आपण मरतोय हेही त्याला कळत नाही. शिवाय नाटकातला मालक टाकीत उतरण्याचं परमिट फाडून टाकतो. त्याची गरजच नसते. अशा कारखान्यांत परमिटं सकाळीच लिहून ठेवतात, टाकी उघडायच्या आधी. ऑक्सिजनच्या रकान्यात २०.८ टाकतात. हवेत असतो २०.९ टक्के, पण तो पुस्तकातला आकडा. २०.८ मोजल्यासारखा दिसतो.'

लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं. चूक दाखवली की तिला नेहमीच बरं वाटे.

पुढच्या रविवारी सकाळी ती कॅफेत जायला निघाली, तर दारात एक तरुण आणि एक बाई उभी होती.

"मी चंदर. ती एकांकिका माझी. महिपती माझा भाऊ. ही वहिनी, विठा."

शीलाने त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. चंदरने पिशवीतून तेलकट डागांचे पांढरे कागद काढले.

"वापरून झालेली परमिटं दादा घरी आणायचा. भाकरी बांधायला. ही सात उरलीत. सातही कागदांवर वीस पूर्णांक आठ, खाली तुमची सही. तुमचा लेख वाचला तेव्हा कळलं, हे असं का."

शीलाने वरचा कागद उचलून सही पाहिली.

"नाटकाला नावं ठेवलीत, ठेवा. पण कंपनी कोर्टात सांगते, त्या दिवशी परमिट निघालंच नाही, दादा आपल्या मनाने उतरला. निघालं होतं का, मॅडम?"

निघालं होतं. त्याची पिवळी कार्बन प्रत लॅबच्या कपाटात, पॅडमध्ये होती. त्या दिवशी सकाळी सात दहाला तिने चार परमिटं भरली होती. ऑक्सिजन मोजायच्या मीटरचा सेल पंधरा दिवसांपासून गेलेला होता. आणि परवाच विक्रांत म्हणाला होता, "ते पॅड सोमवारी माझ्याकडे द्या मॅडम. तुमच्याच भल्याचं आहे." त्यात खोटं काही नव्हतं; परमिटांवर सही तिचीच होती.

'नाही' म्हटलं असतं तर ही दोघं उठून गेली असती.

"बाई," विठा पहिल्यांदाच बोलली, "ते बोलले नसतील असं तुम्ही लिवलंय म्हने. मला वाचता येत नाय, भावजींनी सांगितलं."

"नाही बोलले."

"हाक पन नाय मारली?"

"नाही. तेवढा वेळच नव्हता."

विठाने ग्लास खाली ठेवला. "मी त्या दिवशी गेटवरच हुते, डबा घेऊन. चार महिने झाले, वाटतंय हाक मारली आसंल नि मला ऐकू आली नसंल." तिने पदराने तोंड पुसलं. "बरं झालं लिवलंत."

शीलाने चंदरकडे पाहिलं. "निघालं होतं," ती म्हणाली. "प्रत उद्या आणते."

सोमवारी सकाळी तिने पॅडमधली पिवळी प्रत काढली, घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि उरलेलं पॅड विक्रांतच्या टेबलावर नेऊन ठेवलं. दुपारच्या सुट्टीत चंदर गेटबाहेर उभा होता.

"टाकी तीन. वेळ सात दहा," तो वाचू लागला. "दादा उतरला साडेअकराला. मधे मोजलं कुणी?"

"कुणीच नाही. सात दहालाही मोजलं नव्हतं."

"कोर्टात असंच सांगाल?"

"हो."

"मग केस तुमच्यावर पण होईल."

"होईल."

त्याने कागद खिशात ठेवला. आभार मानले नाहीत.

पॅडमधलं एक पान कमी आहे, हे संध्याकाळपर्यंत विक्रांतच्या लक्षात आलं. मंगळवारी शीलाला गेटवरच अडवलं. घरी जाताना ती कॅफेत थांबली आणि त्या लेखाखाली तिने चार ओळी घातल्या.

'दुरुस्ती. वर मी "अशा कारखान्यांत" म्हटलं आहे. कारखाना माझाच. २०.८ हा आकडा मी लिहिला. मीटर बंद होता, आणि ते मला माहीत होतं.'