खळ कुणाच्या घरची?

बालवाडीत रंगकाम काढलं की अर्धा रंग कागदावर जातो आणि अर्धा पोटात. तीन-चार वर्षांच्या मुलांवर तुम्ही कितीही डोळे वटारा, बोट रंगात बुडालं की पुढचा मुक्काम तोंड! घाटकोपरला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत महिला मंडळाने एक खोली दिली होती, तिथे उत्तरा राणे बालवाडी चालवायची. तिला हे रोजचंच होतं. पण १९८३च्या दिवाळीनंतर एक दिवस विद्याधर नावाच्या मुलाने बाजारातून आणलेली स्वस्तातली हिरवी पावडर चाटली आणि दुपारभर हिरवंगार ओकत राहिला. डॉक्टरांनी डबा उलटासुलटा करून पाहिला. म्हणाले, "यात काय घातलंय ते कुठे लिहिलेलंच नाही, मी तरी काय सांगू?" संध्याकाळी पोरगा खेळायला लागला. उत्तराच्या घशाखाली मात्र दोन दिवस घास उतरला नाही.

मुलांनी खाल्ला तरी चालेल असा रंग आता घरीच करायचा, असं तिने ठरवलं. थंड पाण्यात मैदा कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही. मग तो उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन चमक आली की खळ झाली. आंबू नये म्हणून मीठ. पिवळ्यासाठी हळद, गुलाबीसाठी बीट, हिरव्यासाठी पालक. निळा काही केल्या जमेना. कपड्यांची नीळ पोटात जाऊन चालणार नाही, त्यामुळे मुलांनी आठवडाभर पिवळं आभाळ काढलं. तेव्हा वनमाला कुंपणावरची गोकर्णाची फुलं ओंजळभर घेऊन आली. ती गरम पाण्यात टाकली आणि पाणी निळंशार झालं. मुलांनी टाळ्या पिटल्या.

वनमाला म्हणजे बालवाडीत उत्तराच्या मदतीला असणारी मुलगी. वसाहतीमागच्या टेकडीवर वस्ती आहे, तिथे राहायची. नववीपर्यंत शिकलेली, गळ्यात गोड गाणी आणि अंगात विलक्षण सोशिकपणा. मुलं उत्तरापेक्षा तिच्याच अंगावर जास्त लोंबकळायची.

पुढे उत्तराच्या घरचा गॅस संपला. नंबर लावला होता, पण सिलिंडर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एका स्टोव्हवर नवऱ्याचा डबा, सासऱ्यांचा चहा आणि वर ही खळ! तिची ओढाताण पाहून वनमाला म्हणाली, "बाई, मी येते की सकाळी तुमच्याकडे. मी ढवळीन, तुम्ही डबा करा."

"कशाला गं एवढी धावपळ? तूच घरून करून आण ना," उत्तरा म्हणाली.

वनमाला रोज सकाळी चुलीवर खळ शिजवून, पातेल्यावर ताटली ठेवून टेकडी उतरू लागली. तिची खळ उत्तराच्या खळीपेक्षा सरस असायची. विद्याधर घरी जाऊन सांगायचा, "आई, आजचा पिवळा मस्त लागत होता!" आया खूश होत्या. आणि एका सकाळी विद्याधरच्या आईने, नलिनीने, टेकडीवरून उतरणाऱ्या वनमालाच्या हातात ते पातेलं पाहिलं.

"हे कुठून आणतेस गं?"

"घरून. मीच करते ना, ताई."

नलिनीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते गेलंच. वनमाला बौद्ध होती. हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं.

त्याच दुपारी मंडळाच्या अध्यक्ष रत्नप्रभावहिनी तीन-चार आयांना घेऊन आल्या. नलिनी सगळ्यांच्या मागे उभी होती.

"उत्तरा, हे बघ, आम्ही काही जातपात मानत नाही हं," वहिनींनी सुरुवात केली. वाचकहो, वाक्य असं सुरू झालं की पुढे काय येणार ते आपल्याला पाठ असतं! "पण मुलांच्या पोटात जातं ना ते? वस्तीतलं पाणी, वस्तीतली भांडी. शेवटी स्वच्छतेचा प्रश्न आहे."

"पाणी उकळूनच घेते हो ती."

"उकळून सगळं जातं होय? ते काही नाही. सोमवारपासून तू करत जा. तिला झाडलोट करू दे, पण रंगाला, खाऊला हात नको. नाहीतर या खोलीचं काय करायचं ते मंडळ बघेल."

खोली गेली तर बालवाडी गेली! चाळीस मुलं कुठे बसवायची? उत्तराने मान हलवली. हो म्हणाली! आणि बायका निघून गेल्यावर तिला स्वतःची इतकी चीड आली, की तिने पुसलेल्या पाट्या पुन्हा पुसायला घेतल्या.

वनमाला मुलांना गेटपर्यंत सोडून परत आली. उत्तरा तिच्याकडे न बघताच म्हणाली, "वनमाला, सोमवारपासून खळ मीच करीन. तुला उगाच त्रास होतो."

"बिघडली होती का, बाई?"

"छे गं, छान होती."

"मग?"

"अगं, तुझा त्रास..."

"मला कुठे त्रास होता?" वनमाला म्हणाली. तिने पातेलं घासलं, ओढणीने पुसलं आणि गेली. सोमवारी ती आलीच नाही. मंगळवारीही नाही.

उत्तराचं चित्त थाऱ्यावर राहीना. मुलं विचारायची, "वनमालाताई कुठे?" ती म्हणायची, "येईल." कधी डब्यात मीठ दोनदा पडायचं, कधी दाराशी पाऊल वाजलं की ती उठून बघायची. आपण काय वाईट केलं? बालवाडी वाचवली, असं ती मनाशी घोकायची, आणि मन काही ऐकायचं नाही. बुधवारी सकाळी ढवळता ढवळता तिचा हात थांबला आणि खळ बुडाला लागली.

"करपला मा गो?" बाहेरच्या खोलीतून सासरे म्हणाले. गुणाजी राणे उभा जन्म गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर होते. मुंबईत आयुष्य गेलं तरी घरात बोलताना मालवणी सुटत नव्हती.

"आबा, मला काही सुचतच नाही बघा," असं म्हणून उत्तराने स्टोव्ह बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना तिला रडू आलं.

गुणाजींनी चहाची कपबशी खाली ठेवली. "म्हणजे अजून आपण थंयच, होतो तिथेच!" ते म्हणाले. "तुका माहीत नाही, साच्यावर आमचा काम कसा चलायचा. धोटा म्हणजे सूत घेऊन साच्यात इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी, त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची. आणि तिचा धागा बाहेर काढायला धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढायचा. दिवसभर तोच धंदा. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून विणाई खात्यात वनमालाच्या समाजाच्या माणसाला घेत नव्हते. पगार चांगला तिथेच, आणि तिथेच त्यांना बंदी! का, तर आमच्या तोंडाला त्यांचं तोंड लागेल."

"अगंबाई! खरंच?"

"खरंच म्हणजे? पुढचं ऐक. माझ्या बाजूच्या साच्यावर धाकू परब. आमच्याच गावचो, आमच्याच भावकीतलो. खोकायचो. क्षय होतो त्याका. त्याचा धोटा आम्ही खुशाल तोंडाला लावत होतो. जात बरोबर होती ना त्याची! धाकू गेलो, मग त्याच्या पलीकडचो गेलो. आम्ही जात तपासली गो, खोकला नाही तपासला!"

"आणि त्या कापडाचं काय? थुंकी लावून ओढलेला धागा तो. पूजेला बसणारे तेच नेसत, देवाच्या अंगावर तेच. कुणी विचारलं नाही. आता ती तुझी हिरवी पावडर. पोर ओकेपर्यंत कुणी विचारलं, कुणी बनवली, कोणत्या हाताने बनवली? विष होतं तोवर हात कुणाचाही चालला. खाण्याजोगं झालं आणि लगेच हाताची चौकशी!"

"मी आजच जाऊन रत्नप्रभावहिनींना हे सांगते," उत्तरा ताडकन उठली.

"त्यांका मागसून सांग. बस." गुणाजींचा आवाज मऊ झाला. "ती पोर तुला म्हणाली होती ना, तुमच्याकडे येऊन ढवळते? मग तू तिला घरून करून आण का म्हणालीस?"

"तिची धावपळ नको म्हणून..."

"टेकडीवरून गरम पातेलं घेऊन उतरणं ही धावपळ नाही? रोज बालवाडीची किल्ली न्यायला येते ती. दाराशीच उभी राहते. कधी आत बोलावलंस? कधी पाणी विचारलंस?"

स्टोव्ह एकच होता, जागा लहान होती, सकाळची घाई होती. सगळी कारणं तिच्याकडे तयार होती, अगदी रत्नप्रभावहिनींच्या स्वच्छतेसारखी! दोन वर्षं वनमाला दाराशी उभी राहत होती आणि आपल्याला ते दिसलंसुद्धा नाही. अरेरे! आपण स्वतःला काय समजत होतो?

बालवाडी सुटल्याबरोबर ती टेकडी चढली. वाट विचारत विचारत गेली, कारण घर कुठे आहे हेही तिला माहीत नव्हतं. वनमाला दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि पहिला शब्द काढला तो, "बाई, आत या ना."

उत्तरा आत जाऊन चटईवर बसली. वनमालाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ती बघत राहिली. उत्तरा पाणी प्यायली. मग म्हणाली, "वनमाला, मी तुझ्याशी खोटं बोलले. बायका आल्या होत्या. तुझ्या घरची खळ नको म्हणाल्या आणि मी गप्प बसले."

"ते मला तेव्हाच कळलं, बाई. त्यांचा राग आला, पण त्यांचं काय, ते नेहमीचंच आहे. तुम्ही खळ छान होती म्हणालात ना, आणि तरी बंद केलीत, ते लागलं."

"परत ये. मुलं रोज विचारतात."

वनमाला तिच्याकडे बघून म्हणाली, "येईन. पण घरून करून नाही आणणार. चोरीचा माल असल्यासारखं झाकून आणायचं आणि कुणी बघितलं की खाली मान घालायची, ते आता नाही जमणार. तुमच्या घरी येऊन करीन. तुमच्या स्वैपाकघरात, दार उघडं ठेवून. चालेल?"

"चालेल," उत्तरा म्हणाली. "उद्याच ये."

बोलणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वनमाला खरोखरच उंबऱ्यावर आली, चपला काढल्या, आणि उत्तराची नजर नकळत कोनाड्यातल्या देवांकडे गेली. देव जागच्या जागी होते. तिची तिलाच लाज वाटली. गुणाजींनी मैद्याचा डबा काढून वनमालाच्या हातात दिला आणि म्हणाले, "ये गो बाय, तुझीच वाट बघत होतो. हिने काल पातेलं जाळलंन."

खळीला चमक यायला लागली तेवढ्यात दुधाच्या बाटल्या घेऊन रत्नप्रभावहिनी दारावरून चालल्या होत्या. त्या थबकल्या. मागोमाग विद्याधरला घेऊन नलिनी आली, तीही थांबली.

"हे काय चाललंय, उत्तरा?"

"खळ चाललीय, वहिनी. रोज इथेच होणार आहे."

"म्हणजे खोली नको तुला?"

"खोली हवी आहे." उत्तरा म्हणाली. "पण वहिनी, ही मुलांना कडेवर घेते ते चालतं. शूला नेते, नाक पुसते, ते चालतं. मुलं तिचं बोट धरून रस्ता ओलांडतात, तेव्हा तुम्ही निर्धास्त असता. आणि त्याच हाताने ढवळलेली खळ मात्र चालत नाही? हे मला मुलांना शिकवता यायचं नाही. खोली घेतलीत तर मी जिन्याखाली वर्ग भरवीन!"

"फार बोलायला लागलीस," वहिनी म्हणाल्या. "नलिनी, तू सांग हिला. तुझाच मुलगा आजारी पडला होता ना?"

नलिनीने वनमालाकडे पाहिलं. वनमाला ढवळायची थांबली नव्हती, मान मात्र ताठ होती.

"हो वहिनी, माझाच," नलिनी हळूच म्हणाली. "ओकून ओकून घाण झाला होता. त्याला आंघोळ घालून, आपल्या ओढणीत गुंडाळून घरी घेऊन आली ती हीच. तेव्हा मी नाही म्हटलं, हात लावू नकोस. तेव्हा मला तिची जात आठवली नाही, आणि पातेलं बघून बरी आठवली!" तिचे डोळे भरून आले. ती चपला काढून आत आली. "वनमाला, मला माफ कर गं. दे इकडे, तुझा हात भरून आला असेल. मी ढवळते."

वनमालाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि डाव तिच्या हातात दिला. "खालून ढवळा, ताई. बुडाला लागते."

सगळं लगेच गोड झालं असं नाही. दोन घरांनी मुलं काढून घेतली. रत्नप्रभावहिनी कित्येक दिवस उत्तराशी बोलल्या नाहीत, पण खोलीचा विषय मंडळात त्यांनी पुन्हा काढला नाही. आणि बाकीच्या आयांनी पाळ्या लावून घेतल्या: आज यांच्या ओट्यावर, उद्या त्यांच्या. प्रत्येक घरी वनमाला उजळ माथ्याने जायची.

तेव्हा बंधुभगिनींनो, मुलांच्या तोंडात काय जातं ते डोळ्यात तेल घालून बघा. मैदा चाळून घ्या, पाणी उकळा, डब्यावर काही लिहिलं नसेल तर तो दुकानदाराला परत करा. पण हाताची जात विचारून आजवर कुठलंही विष उतरलेलं नाही. आणि शेजाऱ्याला शहाणपण शिकवायच्या आधी एक गोष्ट करा. आपल्यासाठी जे माणूस रोज राबतं, ते आपल्या घरात कुठवर येतं ते पाहा. दाराशीच थांबत असेल, तर त्याला कुणी थांबवलंय हे शोधायला लांब जाऊ नका. उठा, आणि त्याला आत बोलवा!