आयरिसवरचे लाल दिवे

खेकड्यांचा हंगाम यंदाही लांबला होता. कवचांत मांस अजून भरलं नव्हतं, सरकारने परवानगी दिली नव्हती, त्यामुळे नाताळच्या मिरवणुकीला बंदरातल्या झाडून सगळ्या बोटी मोकळ्या होत्या. धक्क्यावर माणसं घोंगड्या गुंडाळून बसली होती, पण दरवर्षीचा गलका नव्हता.

वर्नाने नवऱ्याच्या, एल्डनच्या कोटाची सगळ्यात वरची गुंडी लावली. त्याने ती लगेच काढली.

"राहू दे गं," पेगी म्हणाली. "गार वाटलं की लावेल."

"नाही लावत. गार वाटतंय हेच त्याला कळत नाही आता."

पेगीचा नवरा गस एल्डनच्या दुसऱ्या बाजूला बसला होता. आयरिस या बोटीवर त्याने एल्डनच्या हाताखाली उभा जन्म काढला होता. थर्मासमधलं शिंपल्यांचं सूप त्याने झाकणात ओतलं आणि एल्डनच्या हातात दिलं. "घे कप्तान. पेगीने केलंय, तेव्हा चव शोधू नकोस."

"उद्यापासून तूच कर," पेगी म्हणाली.

एल्डन हसला. कशाला हसला ते सांगता आलं नसतं, पण दोघं भांडतायत आणि हसायचं असतं एवढं त्याच्या ध्यानात राहिलं होतं.

सकाळी स्वयंपाकघरात वर्नाने पेगीला सांगून टाकलं होतं. मुलीने डोंगरापलीकडे, आपल्या गावातल्या वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं. "त्याने आज आयरिस ओळखली तर मी त्याला पाठवणार नाही," वर्ना म्हणाली होती. "माणसात काही उरलंय असं धरून चालेन. हिवाळा काढू कसातरी."

"आणि नाही ओळखली तर?"

वर्नाने त्यावर टेबल पुसायला घेतलं होतं.

बोटी खाडीच्या मुखाकडून आत येऊ लागल्या. एकीच्या डोलकाठीवर दिव्यांचा तारा होता, दुसरीवर खेकड्यांच्या पिंजऱ्यांचं झाड रचलेलं. प्रत्येक बोट धक्क्यासमोर थोडी थांबायची, परीक्षक सजावटीचे गुण टिपून घ्यायचे, मग पुढची. एल्डन बोटींकडे न बघता झाकणातल्या सुपाकडे बघत होता. वर्ना त्याच्याकडे बघत होती. तिने मिरवणूक अशी पाहिलीच नाही.

मग एल्डनने मान वर केली. समोर अजून काही नव्हतं, नुसता काळोख आणि एका इंजिनाची घरघर.

"तिसरा सिलिंडर," तो म्हणाला. "आयरिस आहे."

गसने वर्नाकडे पाहिलं. पेगीने तिचा हात दाबला. क्षणभर वर्नाला थंडी, धक्का, सोमवार, कशाचंही भान उरलं नाही.

"बरोबर, कप्तान," गस म्हणाला. "अजून तशीच खोकते."

आयरिस उजेडात आली आणि त्यांच्यापुढे थांबली. ती विकून दोन वर्षं झाली होती. नवा मालक शहरातून आलेला, हौशी. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा आणि उजव्या अंगाला हिरवा, हा समुद्रावरचा नियम. रात्री बोट दिसत नाही, कोणता दिवा दिसतो त्यावरून तिचं तोंड कुठे आहे ते ओळखायचं. इथले जुने लोक नाताळच्या माळासुद्धा त्याच हिशेबाने लावतात. नव्या मालकाला हे सुचलं नव्हतं. धक्क्याकडे आयरिसचं उजवं अंग होतं, आणि त्यावर त्याने पुढपासून मागपर्यंत नुसत्या लाल माळा सोडल्या होत्या.

लाल म्हणजे डावं अंग. डावं अंग दिसतंय म्हणजे तोंड समुद्राकडे. एल्डन उभा राहिला. झाकण खाली पडलं.

"बाहेर चाललीय," तो म्हणाला. "ओहोटी लागलीय, मुखाशी लाटा फुटतायत. कोण नेतोय तिला?"

"ती आत येतेय, एल्डन. बस बरं," वर्ना म्हणाली.

"लाल दिसतोय मला. मला शिकवू नका. माझ्यावाचून कोण नेतोय?"

आणि तो निघाला. हल्ली स्नानगृहापर्यंत जायला त्याला वर्नाचा खांदा लागायचा. पण आता डेकवर चालावं तसे पाय फाकून तो झपाझप धक्क्याच्या कडेला गेला, जिथे लोखंडी शिडी खाली पाण्यात उतरते. वर्नाने त्याची बाही धरली. त्याने ती झटक्यात सोडवून घेतली आणि वर्ना गुडघ्यांवर पडली. पाण्याकडे पाठ करून त्याने एक पाय खालच्या पायरीवर टाकलाही होता. तेवढ्यात गसने त्याला पट्ट्याला धरून मागे ओढलं. दोघेही फळ्यांवर कोसळले.

आजूबाजूची माणसं उठून उभी राहिली, मग परत बसली. आयरिसने भोंगा वाजवला आणि ती पुढे सरकली.

"बांधली का तिला?" एल्डनने विचारलं. तो धापा टाकत होता.

"बांधली," गस म्हणाला. "दोन्ही दोर. मी बघितले."

एल्डनने समाधानाने मान हलवली. त्याला उठवायला वाकलेल्या वर्नाकडे त्याने पाहिलं, आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाला, "बाई, जरा वर्नाला निरोप द्याल? म्हणावं, मला उशीर होईल."

"देते," वर्ना म्हणाली.

पेगीने घोंगडी तिच्या खांद्यावर टाकली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "पण ओळखली ना त्याने. नुसत्या आवाजावरून. तूच म्हणाली होतीस."

"ओळखली." वर्ना गुडघा चोळत होती. मोजा फाटून रक्त आलं होतं. "म्हणून तर. उद्या घरातून ऐकू आली तर? मी एकटी असेन, गस नसेल."

पेगीने रुमाल काढून तिच्या गुडघ्यावर धरला.

"सोमवारी हो कळवते त्यांना," वर्ना म्हणाली.

मुलीने त्या खोलीचा फोटो पाठवला होता. खिडकीतून गवत दिसत होतं आणि त्यापलीकडे मोटारी उभ्या करायची जागा. पाणी कुठेच नव्हतं. आठवडाभर वर्नाला त्याचंच वाईट वाटत होतं.