गोणीतल्या दहा चपला

जळगावच्या केळी शिबिराला चौघांनाच जाता येणार होतं. सारंगखेड्यातल्या आमच्या गटात पाच घरं, नवरा-बायको धरून सभासद दहा. म्हणून मंदिराच्या ओट्यावर चिठ्ठ्या टाकल्या. मला जायचंच होतं. केळीवर करपा पडला तेव्हा विळा घेऊन रोगट पानं कापत मी फिरले, माझा नवरा हेमकांत फिरला नाही.

निघाले कोण? गिरधरआप्पा, उमाकांत, हेमकांत आणि मी.

"जोडी निंघनी!" उमाकांत ओरडला. "चिठ्ठ्यास्नी घडी कोनी घाली? वहिनीनी. आते समजनं!"

झाले मी चोर. नवरा खांबाला टेकून मोबाईल बघत होता.

हिशेब सांगायचा म्हटलं की माझ्या तोंडी अहिराणी सुटून शाळेची भाषा येते, आणि लोक आणखी चिडतात. तरी सांगितलं. "दहातून चार निवडायचे दोनशे दहा प्रकार. जोडी टाळायची तर पाचातली चार घरं घ्या, त्याचे प्रकार पाच. त्या प्रत्येक घरातून नवरा नाहीतर बायको, एकच. त्याचे सोळा. पाच सोळे ऐंशी. उरलेल्या एकशे तीसमध्ये जोडी आहेच. जोडी येण्याचीच शक्यता जास्त!"

"आठे शाळा नको भरावू," आप्पा म्हणाले.

"मंग डोयासमोर देखा."

ओट्याखालचे चपलांचे पाच जोड उचलून मी खताच्या रिकाम्या गोणीत कोंबले. आप्पांच्या बायकोला, पार्वतीबाईंना म्हटलं, न बघता चार काढा.

"अय माय, ह्यास्ना पाय धुयेल नहीत आन मी हात घालू?" म्हणत त्यांनी हात घातला. चारात आप्पांच्याच दोन्ही चपला.

"तुम्हीबी चोर का, आप्पा?" बाया खो खो हसल्या.

चपला परत टाकल्या. या खेपेला चारही वेगळ्या आल्या. उमाकांतनं टाळ्या पिटल्या. पुढच्या खेपेला जोडी, त्याच्या पुढच्याही. टाळ्या थांबल्या.

"म्हंजे जोडी येवावच शे?" आप्पांनी विचारलं.

"बराच येळा, आप्पा!" पटलं एकदाचं, म्हणून मी खूश झाले. मूर्ख कुठली.

"मंग दर टायमे हाऊच झगडा. त्यापेक्षा बायास्न्या चिठ्ठ्याच नको टाकाले. एक घरना एक मानूस. बस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हेमकांतनंही, मोबाईलमधून वर बघून. पार्वतीबाई गोणी झटकत बसल्या. तीन पुरुष ठरलेलेच होते, माझ्या जागी उरलेल्या दोन घरांतला एक घेतला. माझा हिशेब कोणी खोटा ठरवला नाही. खरा धरला, आणि त्याच्याच जोरावर मला उचलून बाहेर टाकलं.

घरी जाताना हेमकांत म्हणाला, "करपाना बारामा तठे काय इचारानं? लिखी दे ना."

"गोणीमा हात घाला," मी म्हटलं. "जे निंघी ते इचारा."