घटाची माती

तृप्तीने नर्सरीवाल्याला पोत्याची शिवण उसवायला लावली, तेव्हा त्याचं तोंड कडू झालं. "ताई, पोतं उघडून कुणी घेतं का? बाहेर लिहिलंय की सगळं."

"लिहायला काय लागतं?" म्हणत तिने कोपरापर्यंत हात आत घातला. खत आतून गरम लागलं आणि मुतारीसारखा वास आला. म्हणजे कच्चं, अजून कुजतंय.

गेल्या नवरात्रात तिच्या नवऱ्याने, रविराजने, सातपूरच्या रस्त्यावरून असंच एक पोतं आणलं होतं, वर टपोऱ्या गुलाबाचं चित्र. पिंपळगावचं वावर विकल्यापासून घटाला माती आणायची कुठून, हा प्रश्नच होता. त्या खतात पेरलेलं धान्य उगवलंच नाही, कुजून गेलं. घट उगवला नाही म्हणजे घरात काहीतरी वावगं, आणि वावगं म्हणजे नवी सून. "कुणाचा तरी विटाळ झाला," एवढंच सासूबाई, सिंधुबाई, म्हणाल्या. पण सगळ्या सोसायटीत म्हणाल्या. यंदाही घट फसला तर तो डाग जन्मभर पुसायचा नाही, हे तृप्तीला ठाऊक होतं.

म्हणून सिंहस्थाची गर्दी ओसरल्यापासून ती नर्सऱ्या पालथ्या घालत होती. दुसऱ्या दुकानात खताबरोबर काचा आणि शाम्पूच्या पुड्या निघाल्या. शहराचा कचराच दळून विकत होता लेकाचा. तिसरा, गोटीराम, बोलायला गोड. त्याचं खत काळंभोर, मुठीत दाबलं की लाडू व्हायचा आणि बोट लावलं की फुटायचा. वर म्हणाला, "नुसत्या खतात पेरू नका, बी जळतं. निम्मी पोयट्याची, नदीच्या गाळाची, माती घाला." आपलाच माल कमी घ्या म्हणणारा दुकानदार! तृप्तीचा संशय दुप्पट झाला. इथे नक्की पाणी मुरतंय.

तिने प्रत्येकाकडून मूठ-मूठ नमुना आणला, गोटीरामकडून पोयटाही, चहाच्या कपांत भरून मेथी पेरली आणि कप गॅलरीत वॉशिंग मशीनमागे लपवले. सिंधुबाईंना ते सापडलेच.

"काय पुरलं गं इथं?"

"मेथी आहे, आई."

"मेथी? आन् लपवून?"

त्या दिवसापासून रविराजच्या उशाखाली लिंबू दिसू लागलं.

मेथीने मात्र कुणाची भीड ठेवली नाही. गरम खतात दाणा हलला नाही, काचांच्या खतात पिवळी पडली, गोटीरामच्या खतात बरी आली आणि त्यातच पोयटा मिसळलेल्या कपात तरारली. तृप्ती मुकाट्याने त्याचं पोतं आणि तेवढाच पोयटा घेऊन आली.

घट बसला. सिंधुबाईंचे गुडघे आखडलेले, त्यामुळे पाणी घालायचं काम नाइलाजाने सुनेकडे आलं. "अडचण आली तर आधी सांगायचं. हात लावायचा नाय," त्यांनी बजावलं.

चौथ्या माळेला तृप्तीला पाळी आली. ती बाथरूममध्ये बराच वेळ नुसती उभी राहिली. घाबरली होती. मग वाटलं, खताची परीक्षा घेतली, आता हीसुद्धा होऊन जाऊ दे. बाहेर आली आणि नेहमीसारखं बोटांनी पाणी शिंपडलं. कुणाला काही बोलली नाही.

दसऱ्याला घट असा दाट आला की मडकं दिसेना. शेजारच्या भिमाबाई बघायला आल्या. सिंधुबाईंनी धान उपटून देवाला वाहिलं, एक जुडी स्वतःच्या अंबाड्यात खोचली, एक भिमाबाईंच्या.

"मातीत काय घातलं वो?" भिमाबाईंनी विचारलं.

"मातीत काय ऱ्हातं? यंदा घरात विटाळ नाय झाला, मागल्या सालासारखा," सिंधुबाई म्हणाल्या आणि त्यांनी तृप्तीकडे बघितलं.

तृप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. घट हिरवागार झाला तरी डाग तिथेच!

"आई, चौथ्या माळेला मला पाळी आली," ती म्हणाली. "सगळे दिवस पाणी मीच घालत होते."

भिमाबाईंचा हात झटकन अंबाड्याकडे गेला. सिंधुबाईंचाही. धान काढून फेकावं तर भरल्या घटाचा अपमान, ठेवावं तर वर्षभराचं बोलणं खोटं. दोघी केसांवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. तृप्तीने पुढे होऊन घटातली एक जुडी उपटली आणि स्वतःच्या वेणीत खोचली.