याकोबरावांचा क्रूस

मानवतच्या आमच्या चर्चचे सेक्रेटरी याकोबराव दर गुड फ्रायडेला मिरवणुकीत क्रूस उचलतात. चांगला बाभळीचा, जड क्रूस. मान त्यांचाच, दुसऱ्या कुणी हात लावला की रुसतात.

यंदा ऊन लय. गेटपाशी फोटो निघाले आणि वीस पावलांवर सेक्रेटरीसाहेबांना बायबल आठवलं. "प्रभूचा क्रूससुद्धा वाटेत शिमोनानं उचलला हुता. विमलबाई, घ्या जरा."

चर्चची झाडलोट करणाऱ्या विमलबाईंनी घेतला. बस स्टँड, मोंढ्याचा बाजार, आणि तसंच परत. चर्चचं गेट दिसताच याकोबरावांनी तो मागून घेतला. फोटोवाला तिथंच उभा होता ना!

ईस्टरला त्यांनी चर्चमध्ये सगळ्यांपुढं साक्ष दिली. "खांदा गेला, पण प्रभूसाठी सोसलं." बाया डोळे पुसायला लागल्या. प्रार्थनेला सगळ्यांचे हात वर गेले. मागं उभ्या विमलबाईंचा उजवा हात काही वर जाईना. पाळकसाहेब गहिवरून म्हणाले, "मंडळी, अशाच बलिदानानं आपलं तारण झालं!"

मला सगळं ठाऊक होतं. मिरवणूकभर याकोबरावांच्या डोक्यावर छत्री मीच धरली होती.

सगळ्यात मोठ्यानं "आमेन" मीच म्हणालो.